रसबाळीचा निकाल आणायला कोल्हापूरला

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळेच्या दाखल्यात एक वर्ष कमी आहे, पण तो मास्तरांनी अंदाजाने लिहिलेला. माझी आई सांगायची ते खरं.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. माझा मेव्हणा पुंडलिक चौथी पास आहे, आणि ती एक इयत्ता तो मला अजून ऐकवतो. पुंडलिक म्हणजे माझ्या बायकोचा, सुमित्राचा, धाकटा भाऊ. तो डिचोली तालुक्यातल्या मये गावचा, आम्ही पेडण्याच्या टोकाचे, इब्रामपूरचे. मी कोल्हापूरला गेलो तो त्याच्यामुळे. लोक दुकानावर विचारतात, तिसरी शिकलेला माणूस विद्यापीठात काय करायला गेला? एकेकाला सांगून घसा सुकला, म्हणून लिहून ठेवतो.

इब्रामपूर

आमच्या कुळागरात, म्हणजे घरामागच्या पोफळी-केळींच्या बागेत, रसबाळी केळ आहे. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना काय सांगू? साल पातळ, चव गोड, आणि त्या गोडाच्या मागून हळूच आंबट येते. पूर्ण पिकली की घडावरून आपली आपण गळते. ही केळ आमच्या घराण्याची. माझ्या लग्नात माझ्या बापाने तिचा मुनवा, म्हणजे बुडाला फुटलेलं पिल्लू, पुंडलिकाच्या बापाला दिला. तिथून ती मयेत गेली.

पुंडलिक उलटं सांगतो. म्हणे बहिणीच्या पाठवणीबरोबर त्यांनीच मुनवा दिला आणि तेव्हापासून इब्रामपूरच्या लोकांना केळं म्हणजे काय ते कळलं.

एका चवथीला त्याच्या घरी गणपतीच्या माटोळीला रसबाळीचा घड टांगला होता. फळाफुलांच्या त्या छपराखाली बसून पाहुण्यांदेखत तो म्हणाला, "ही आमची. भावोजींकडे आसा ती हांगाचीच." मी हातातली नेवरी तशीच ताटात ठेवली, उठलो, आणि सांगितलं की ह्याचा निकाल लागल्याशिवाय मयेत पाय ठेवणार नाही. त्याला पाच चवथी झाल्या.

दोघांचेही बाप वर गेले. साक्षीला उरली एक सुमित्रा. तिला विचारलं तर म्हणते, "माजां लगीन होतां त्या दिसा. मी केळी बघीत बसलंलंय?"

आणि त्या वर्षी मार्गशीर्षात पुंडलिकाच्या मुलीचं लग्न ठरलं. तो स्वतः येऊन आमंत्रण देऊन गेला. मी तेव्हा कुळागरात होतो आणि तिथेच राहिलो. रात्री जेवताना सुमित्रा म्हणाली, "मी जातलंय. तुमी येवा, नाय तर हयच केळी राखीत बसा." एवढंच बोलली आणि कढी वाढली. चाळीस-पन्नास वर्षं संसार केल्यावर माणसाला कळतं की बायको ओरडत नाही तेव्हा काम कठीण आहे. एकुलत्या भाचीचं लग्न, आणि सुमित्राने मांडवात एकटीने उतरायचं. नातलग विचारणार, भावोजी खंय? ती काय सांगणार, केळ्यावर रुसले?

अशा अडचणीत श्रुतीचा फोन आला. श्रुती माझ्या मुलाची मुलगी, कोल्हापूरला विद्यापीठात झाडांचं मोठं शिक्षण घेते. म्हणाली, "आबा, आपल्या रसबाळीचा मुनवा पाहिजे. पेशीतली गुणसूत्रं मोजायची आहेत."

"ती मोजून काय कळतं?"

"कुठली केळ कुठल्या गोतातली ते कळतं."

"म्हणजे कुणाची कुणाकडून आली ते पण?"

ती म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं, पोर माझ्याच घरची. पण मी तेव्हाच ठरवलं. माझा मुनवा आणि पुंडलिकाचा मुनवा, दोन्ही घेऊन मी स्वतः जाणार. यंत्राखाली निकाल लागेल. माझ्या बाजूने लागला तर ताठ मानेने लग्नाला जाईन. दुसऱ्या बाजूने लागायचा प्रश्न नव्हता.

पुंडलिकाचा मुनवा सुमित्राने आणला. मी विचारलं, "काय सांगून आणलास?"

"खरां तां. श्रुतीच्या शिक्षणाक होयो म्हणून."

"आणि तो काय म्हणाला?"

"दोन व्हर म्हणालो."

एक मागितला तर दोन ने म्हणतो! हे मला लागलं. इतक्या मोकळ्या मनाने देतो म्हणजे त्याला स्वतःची खात्री आहे.

आता मुनवे तयार करायचे. आमच्याकडे कुणाला मुनवा द्यायचा तर मुळांसकट देत नाहीत. जुनी मुळं कुजतात, त्यांतून कीड जाते, आणि घेणारा मनात म्हणतो, ह्यांच्या घरी कोयती नाही काय? मी दोन्ही मुनव्यांची मुळं एकूणएक काढली, बुडाचा कांदा पांढराशुभ्र होईपर्यंत तासला, राखेच्या पाण्यातून काढून सावलीत सुकवला. पुंडलिकाचा पण तेवढ्याच निगुतीने. वैर आपल्या जागी, काम आपल्या जागी. माझ्याला लाल चिंधी बांधली, त्याच्याला काळी. मग दोन वेगवेगळ्या पोत्यांत भरले.

घाटावर

बांद्याहून कोल्हापूरची एसटी धरली. कंडक्टर पोत्यांना पाय लावून म्हणाला, "आजोबा, काय आहे ह्यात?"

"एकात माझी केळ आहे, एकात मेव्हण्याची. त्यांना जवळ ठेवू नकोस."

त्याने माझ्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, आणि एक पोतं उचलून ड्रायव्हरच्या मागे नेऊन ठेवलं. म्हणाला, "माझ्या पण घरी मेव्हणा आहे." शिकलेली माणसं भेटतात, समजणारी कमी भेटतात.

आंबोलीला गाडी थांबली. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता, चहा मात्र दिसत होता, इतका लाल. घाटाखाली आम्ही चहात साखर घालतो, वर ते साखरेत चहा घालतात. एक माकड गाडीच्या उघड्या दारातून शिरून पुंडलिकाच्या पोत्यावर बसलं आणि गाठ सोडायला लागलं. मी काठी उगारली तेव्हा क्षणभर मनात आलं की राहू दे, निकाल इथेच लागतो. पण तसा निकाल मला नको होता. हाकललं.

आजरा गेलं आणि माड संपले. तांबडी माती संपून काळी लागली, दोन्ही बाजूंना ऊस. मला तेव्हापासून एकच काळजी, ह्या देशात माड नाही तर लोक आमटीत घालतात काय? संध्याकाळी कळलं. तिखट घालतात.

कोल्हापूर

श्रुती अण्णा आणि काकी ह्या जोडप्याच्या घरी खोली घेऊन राहते. अण्णांचा ऊस आहे, दारात म्हैस आहे. दारातच म्हणाले, "या पावणं, वाट बघत हुतो. जेवलासा काय?" मी नाही म्हटलं आणि तांबड्या रश्श्याची वाटी पुढे आली. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकींना वाटलं मला घरची आठवण आली. मी तसंच वाटू दिलं. आपण गोव्याकडचे मिरची खाणारे, चार लोकांत कसं कबूल करणार? पाव मात्र त्यांचा आमच्या पदेराच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याच्या, उंड्यापुढे कापूस. ते मी सांगितलं. काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

जेवण झाल्यावर श्रुतीने पोती सोडली. पहिलं सोडलं, मुनवा उलटा केला. दुसरं सोडलं, तोही उलटा केला.

"आबा, मुळं?"

"काढली."

"का?"

"का म्हणजे? मुळांसकट कोण देतं? तुझ्या मॅडमसमोर काय चिखल न्यायचा?"

ती खालीच बसली. "आबा, मला मुळंच पाहिजे होती. मुळाच्या टोकाला पेशी विभागत असतात. गुणसूत्रं तिथेच बघायची. मुनवा नुसता मुळं आणण्यापुरता हवा होता."

"मग तसं सांगायचं!"

"मुनव्याला मुळं असतातच असं मला वाटलं!"

मी म्हटलं, कुळागरातली पोर असून तुला माहीत नाही? ती म्हणाली, तुम्ही मला कधी कोयती हातात दिली? शेवटी काकी म्हणाल्या, "भांडताय कशाला? केस कापल्यावानी हाय. पुन्हा येतील की."

पण यायला दिवस लागतात, आणि दिवस नव्हते. श्रुतीच्या बाकीच्या केळी मोजून झाल्या होत्या, रसबाळी तेवढी राहिली होती, आणि महिन्याअखेर सगळं मॅडमपुढे मांडायचं होतं. तिकडे लग्न जवळ येत होतं. मी जाहीर केलं की मुळं आल्याशिवाय मी हलणार नाही. घरी फोन लावला. सुमित्रा म्हणाली, "मुळां येयसर थंय रवतलास? लगीन मुळांक थांबचां नाय." आणि फोन ठेवला.

कोल्हापूरला त्या दिवसांत थंडी. थंडीत मूळ फुटायला आळस करतं. मी अण्णांकडून लाकडाचा भुसा मागितला, दोन खोक्यांत मुनवे पुरले, कोमट पाणी शिंपडलं, वर पोतं घातलं आणि खोकी गोठ्यात म्हशीजवळ नेऊन ठेवली. तिच्या अंगाची ऊब फुकट जात होती. अण्णा म्हणाले, "म्हस बघा कशी बघतीया. तिला वाटतंय वैरण आली." मग मी तिथेच खाट टाकून दिवसा बसायला लागलो. म्हैस माझ्याकडे बघे, मी खोक्यांकडे.

अण्णांशी बोलणं व्हायचं. ते म्हणाले, "आमचा ऊसबी तसाच की. बी कोण पेरतंय? कांडी लावायची." मी म्हटलं, ऊस वेगळा, केळ वेगळी. ते म्हणाले, कसा? मी म्हटलं, वेगळी म्हणजे वेगळी.

गुरुवार

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण काकी इकडे कुणाला तरी सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. बरेच दिवस मासळी नाही म्हटल्यावर माझं डोकं चालेना. सुमित्राने पिशवीत सुके बांगडे घातले होते. काकी नदीवरच्या देवळात गेल्या होत्या. मी गॅसवर दोन बांगडे भाजले. वास काय सुटला! शेजारचे लोक दारात आले, म्हैस ओरडली. मला वाटलं, कौतुकाने आले.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. माजघरात पाटावर कळस मांडून लक्ष्मी बसवलेली, हार घातलेला, आणि तिच्या नाकासमोर मी बांगडा भाजलेला. काकी आल्या, दारातच थांबल्या आणि सगळं घर धुवायला काढलं. मी पण बादल्या आणून दिल्या. आमच्या गावात सोमवारी मासळी शिजत नाही, तो वार मी चौऱ्याहत्तर वर्षांत कधी चुकलो नाही. दुसऱ्याचा वार असतो हे लक्षात येत नाही. संध्याकाळी अण्णा गोठ्यात हळूच येऊन म्हणाले, "एखादा शिल्लक हाय काय?" मी म्हटलं, उद्या सकाळी या.

घर धुतल्यावर दुसऱ्या दिवशी श्रुतीने मला प्रयोगशाळेत नेलं, काकींच्या डोळ्यांसमोरून जरा दूर. तिच्या मॅडम बारीक चणीच्या, आवाज मोठा. मी म्हटलं, माझा निकाल लावायचा आहे. त्या म्हणाल्या, "केळीला मुळं येऊ देत. तोवर कांदा बघा." कांद्याचं मूळ त्यांच्याकडे रोज तयार असतं.

त्यांनी मुळाचं टोक कापलं होतं, अर्ध्या नखाएवढं. ते आधी एका बाटलीत ठेवतात, तिचा वास घेतला तर एकदम आमच्या घरची आठवण, काजूची दारू आणि आंबट विनागर एकत्र. मग लाल रंग देतात, काचेवर ठेवतात, वर पातळ काच, वर कागद, आणि अंगठ्याने दाबून चेपतात. एवढ्या शिकलेल्या बाईचं काम शेवटी अंगठ्यावर येतं हे बघून मला बरं वाटलं.

मी एक डोळा मिटून त्यांच्या बारीक बघायच्या दुर्बिणीत बघितलं. म्हटलं, "काळा माड दिसतो."

"आबा, ती तुमची पापणी," श्रुती म्हणाली.

मग हळूहळू दिसलं. विटा रचाव्यात तशा पेशी, एकीला लागून एक. बहुतेकींत नुसता लाल ठिपका. पण काहींत लाल शेवया! आखूड, जाड, वाकड्या शेवया. मॅडम म्हणाल्या, ही गुणसूत्रं. झाडाने वाढायचं कसं, फळ कसलं धरायचं, सगळं ह्यांच्यात. एरवी हा धागा इतका लांब आणि बारीक की दिसत नाही. पेशी दोन व्हायच्या वेळी तो स्वतःभोवती वळतो, पुन्हा वळतो, आणि असा जाड होतो.

"सुंभ वळतात तसा," मी म्हटलं. नारळाच्या सालीचा काथ्या वळून मी आजही दोरी करतो. सुटा काथ्या अंगणभर पसरतो, ओढायला गेलं की गुंता. वळला की मुठीत राहतो.

"तसाच," मॅडम म्हणाल्या. "गुंता झाला तर वाटणी नीट होणार नाही."

वाटणी म्हटल्यावर मी खुर्ची पुढे घेतली. त्यांनी एकेक पेशी दाखवली. आधी प्रत्येक सूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते, दोन्ही कमरेला चिकटून राहतात, भाताची पेंडी मधे आवळावी तशी. मग सगळी मधोमध ओळीत उभी राहतात. मग कंबर सुटते, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मधे भिंत येते. एका पेशीच्या दोन, आणि दोघींकडे सगळंच्या सगळं.

आमच्या भावाभावांत वाटणी झाली तेव्हा तांब्याच्या एका घंगाळ्यावरून दोन वर्षं कज्जा चालला, शेवटी ते कुणाच्याच घरी राहिलं नाही, मामलेदाराच्या कचेरीत काळवंडलं. आणि ही कांद्याची पेशी! आधी सगळं दुप्पट करते, मग वाटते. भांडायला जागाच ठेवत नाही. मी मॅडमना घंगाळ्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे मी वर्गात सांगू का? मी म्हटलं सांगा, फक्त भावाचं नाव घालू नका, तो अजून आहे.

मुळं

एका सकाळी भुसा बाजूला केला तर मूळ फुटलेलं. पांढरं, बाळाच्या बोटासारखं. मी चिंधी बघितली. काळी.

पुंडलिकाच्या मुनव्याला आधी मूळ आलं. चौथी पास ना.

मी माझं खोकं म्हशीच्या अजून जवळ सरकवलं. दोन दिवस मी अण्णांशीही धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याला पण आली, आणि एकदम तीन-चार. तेव्हा मी काकींच्या हातचा रस्सा मागून घेतला.

मुळाची टोकं सकाळी कापायची, त्या वेळी पेशी जास्त विभागत असतात. श्रुतीने सकाळी या म्हटलं, मी पहाटेच विद्यापीठाच्या फाटकावर, दोन्ही खोकी घेऊन. राखणदार म्हणाला, "आजोबा, अजून झाडूवालीबी आली नाही." मी म्हटलं, पेशी झाडूवालीसाठी थांबत नाहीत. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि केळीची पोरं काखेत घेऊन बसलेला म्हातारा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

टोकं कापली, औषधात ठेवली, दारू-विनागरात ठेवली, दुसऱ्या दिवशी रंगवली, चेपली. श्रुती दुर्बिणीला डोळा लावून बसली ती उठेचना. केळीची गुणसूत्रं कांद्यासारखी शेवया नव्हेत, राईच्या दाण्यासारखी. एकमेकांवर पडलेली. एक काच फुटली, एक जास्त चेपली, एकीत काहीच नाही. मी मागे उभा. लग्नाला चार दिवस उरले होते. तिचा डोळा लाल झाला होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की मुळं मी तासायला नको होती. तसं बोललो नाही.

"आबा, मिळाली!" ती ओरडली.

मॅडम आल्या. त्यांनी मोजली, तिने पुन्हा मोजली. तेहेतीस. मग काळ्या चिंधीची काच. तेहेतीस.

"म्हणजे बरोबरी?" मी विचारलं.

मॅडम बसल्या आणि मला पण बसवलं. म्हणाल्या, "बहुतेक जिवांत गुणसूत्रांची जोडी असते. तुमच्या केळीत अकरा-अकराचे तीन संच आहेत. बी धरायचं तर अर्धी-अर्धी वाटणी व्हावी लागते. तिघांची दोघांत वाटणी जमत नाही."

"तीन भाऊ आणि दोन खोल्या," मी म्हटलं.

"हो. म्हणून तुमच्या केळ्यात बी नाही. ती वाढते ती मुनव्यातूनच. आणि मुनवा म्हणजे मूल नव्हे. त्या दिवशी कांद्याची पेशी पाहिलीत ना, हुबेहूब प्रत? तसं विभागत विभागत तेच झाड पुढे जातं."

"ते राहू दे. पहिली कुणाची? माझी की त्याची?"

"ते मोजणीत कळत नाही. दोन्ही अगदी एकच आहेत का, ते बघायलाही वेगळी तपासणी लागेल. पण तुम्ही काय म्हणता? तुमचा मुनवा त्यांच्याकडे गेला."

"गेला!"

"आणि ते म्हणतात त्यांचा तुमच्याकडे आला. दोघांपैकी कुणीही खरा असला तरी झाड एकच झालं ना?"

मी म्हटलं, असेल. पण सुरुवात आमच्याकडे. आमच्या कुळागरात ती आपोआप उगवली.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "बी नसलेली केळ आपोआप कशी उगवेल?"

मी बोटांवर पिढ्या मोजायला लागलो. माझ्या बापाला कुणीतरी मुनवा दिला असणार. किंवा त्याच्या बापाला. कुणीतरी खांद्यावर घालून इब्रामपुरात आणला असणार, आणि त्याचं नाव आमच्यापैकी एकाला ठाऊक नाही. पुंडलिकाच्या घराण्याचं पण तेच. मी पाच चवथी ज्या केळीवरून रुसलो होतो ती आम्हा दोघांनाही फुकट मिळालेली होती.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला दुर्बिणीतून बघावं लागलं.

श्रुती दबकत म्हणाली, "आबा, रागावलात?"

"कुणावर रागावू? तेहेतीस जणांवर?"

परत

निघताना एक मुनवा मी काकींना दिला, त्या गुरुवारच्या बदल्यात. मुळांसकट. त्याआधी चिंध्या सोडून टाकल्या होत्या, त्यामुळे कुठला दिला ते मला ठाऊक नाही. अण्णांनी तो न्हाणीघराच्या पाण्यावर लावला. उद्या त्यांचा नातू सांगेल की रसबाळी मूळची कोल्हापूरची. सांगू दे. पण मी जिवंत असलो तर येऊन भांडेन.

उरलेला एक मुनवा घेऊन बांद्याला उतरलो आणि तिन्हीसांजेला घरी आलो. सुमित्राने पाय धुवायला पाणी दिलं. जेवणं झाल्यावर विचारलं, "कोणाची निघाली?"

"केळीची," मी म्हटलं.

उठून तिने माझं पांढरं धोतर आणि कोट बाहेर काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी मयेत मांडव उभा राहायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी कुळागरात गेलो, घड धरलेल्या दोन रसबाळी बुडातून तोडल्या, शेजारच्या पोराच्या टेम्पोत घातल्या, सुमित्राला पुढे बसवलं आणि मी मागे केळींना धरून बसलो. मयेला पोचलो तेव्हा पुंडलिक मांडवाच्या दाराशी शिडीवर उभा होता. मला बघून खाली आला.

"भावोजी, येवा." मग टेम्पोत बघितलं. "खंयची ही?"

आजूबाजूची माणसं काम सोडून उभी राहिली. सगळ्यांना तो माटोळीखालचा दिवस आठवत होता.

"तुजी," मी म्हटलं.

"माजी?" तो गोंधळला. "इब्रामपूरसून हाडल्यात आनी माजी कशी?"

"तुजी म्हणतंय मां!"

"नाय, नाय. इतको घड माज्याकडे खंय धरता? ही तुमचीच."

"तुजी!"

"तुमची! उगीच कित्याक माज्या माथ्यार मारतात?"

"आदीं बांधा!" सुमित्रा टेम्पोतूनच ओरडली. "मुहूर्त केळीक थांबचो नाय."

एका खांबाला एक, दुसऱ्या खांबाला दुसरी अशा केळी उभ्या केल्या. माझ्याच हातच्या सुंभाने गाठ मारली. पुंडलिक ती हलवून बघत म्हणाला, "सैल आसा."

मी सुंभाचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मग चौथी पास, तू मारून दाखय."